दरडोई उत्पन्न आणि दारिद्र्याचे मोजमाप

एखाद्या जिल्ह्याचे दरडोई उत्पन्न वाढले म्हणजे तेथील दारिद्र्य तेवढ्याच प्रमाणात घटले, असा समज सर्वसाधारणपणे आढळतो. हा समज अपुरा आहे. १९९० साली अस्तित्वात आलेला मुंबई उपनगर जिल्हा हे याचे बोलके उदाहरण होय. २०११ च्या जनगणनेनुसार या जिल्ह्याची लोकसंख्या ९३ लाखांहून अधिक होती. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतील कारखानदार व कंत्राटी कामगार, मुलुंडमधील सदनिकाधारक आणि घाटकोपरच्या डोंगरउतारावर राहणारी मोलकरीण या सर्वांची मिळून एकच सरासरी निघते.

सरासरीचे गणित

समजा, एका वस्तीतील पाच कुटुंबांचे मासिक उत्पन्न अनुक्रमे ५, ८, १२, २५ आणि १०० हजार रुपये आहे. त्यांची सरासरी ३० हजार येते. प्रत्यक्षात चार कुटुंबे तिच्या खालीच आहेत. दारिद्र्यरेषा १० हजार मानल्यास दोन कुटुंबे गरीब ठरतात. पुढे एकूण उत्पन्नात २५ हजारांची भर पडली व ती सर्व पाचव्या कुटुंबास मिळाली, तर सरासरी ३५ हजार होते. गरीब कुटुंबे मात्र दोनच राहतात. हीच भर पाचही कुटुंबांत सारखी विभागली गेली, तर सरासरी तीच राहून एकही कुटुंब रेषेखाली उरत नाही.

म्हणूनच अर्थशास्त्रज्ञ सरासरी उत्पन्न, त्याची वाटणी आणि दारिद्र्यरेषा या तीन घटकांचा एकत्रित विचार करतात. वाटणीतील विषमता गिनी गुणांकाने मोजतात. पूर्ण समता असल्यास तो शून्य असतो व विषमता वाढेल तसा एककडे सरकतो.

दांडेकर-रथ यांचा अभ्यास

दादाभाई नौरोजींनी एकोणिसाव्या शतकात हिंदी माणसाचे सरासरी वार्षिक उत्पन्न सुमारे २० रुपये असल्याचे दाखविले होते. पुण्याच्या गोखले संस्थेतील प्रा. वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ यांनी १९७१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सरासरीपलीकडे जाऊन वाटणीचा शोध घेतला. रोज २,२५० उष्मांक देणारा आहार आधारभूत मानून त्यांनी १९६०-६१ च्या किमतींनुसार दरडोई मासिक खर्चाची रेषा ग्रामीण भागासाठी १५ रुपये व शहरांसाठी साडेबावीस रुपये धरली. तिच्याखाली सुमारे ४० टक्के ग्रामीण व ५० टक्के शहरी जनता होती. केवळ विकासाच्या ओघात तळचा माणूस वर येणार नाही, हे ओळखून त्यांनी सार्वजनिक कामांवर रोजगार देण्याची शिफारस केली. महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला.

रेषेची मर्यादा

प्रा. सुरेश तेंडुलकर समितीने २००९ साली शिक्षण व आरोग्यावरील खर्चही विचारात घेतला. त्या पद्धतीनुसार २०११-१२ मध्ये महाराष्ट्राची रेषा दरडोई दरमहा ग्रामीण भागात ९६७ व शहरी भागात १,१२६ रुपये होती. तिच्याखालील लोकसंख्या अनुक्रमे २४.२२ व ९.१२ टक्के ठरली. परंतु शहरी रेषा राज्यभर एकच असल्याने बोरिवलीतील कुटुंब आणि विदर्भातील लहान नगरातील कुटुंब एकाच मापाने मोजले गेले. घरभाडे व प्रवासखर्च यांतील तफावत त्यात पुरेशी उमटत नाही.

गावाच्या वा प्रभागाच्या विकासाचा आढावा घेताना लोकप्रतिनिधींनी, शिक्षकांनी व अधिकाऱ्यांनी तीन बाबी तपासणे आवश्यक आहे: उत्पन्न किती वाढले, ते कोणाच्या पदरी पडले आणि तळच्या कुटुंबाला किमान गरजा भागविण्यास तेथे प्रत्यक्षात किती खर्च येतो. लाभार्थ्यांची निवड या तिन्ही उत्तरांवर आधारली, तरच योजनेचा पैसा खऱ्या गरजूपर्यंत पोहोचू शकेल.