‘रणांगण’ : लढाईआधीचे युद्ध

विश्राम बेडेकर यांची ‘रणांगण’ ही कादंबरी १९३९ साली प्रसिद्ध झाली. दुसरे महायुद्ध त्याच वर्षी पेटले. कादंबरीत मात्र एकही लढाई नाही. युरोपातून पूर्वेकडे निघालेली बोट, मायदेशी परतणारे हिंदी प्रवासी आणि जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू, एवढाच तिचा पसारा.

बेडेकर वऱ्हाडचे. अमरावतीत १९०६ साली ते जन्मले. चित्रपटाच्या अभ्यासासाठी ते १९३८ मध्ये इंग्लंडला गेले आणि परतीच्या बोटीवर त्यांना हे निर्वासित भेटले. १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी ज्यूंचे नागरिकत्व हिरावले होते. जुलै १९३८ मध्ये फ्रान्समधील एव्हियां येथे ३२ देशांचे प्रतिनिधी जमले, हळहळले; बहुतेकांनी दारे बंदच ठेवली. शांघायमध्ये उतरायला व्हिसा लागत नसे, म्हणून हजारो कुटुंबांनी तिकडची वाट धरली.

कादंबरीतला चक्रधर विध्वंस प्रेमभंगाने कडवट झालेला आहे. हॅर्टा या ज्यू तरुणीने देश, घर, भविष्य सारेच गमावले आहे. तरीही प्रेमावर विश्वास टाकण्याचे धाडस तिच्यात आहे, त्याच्यात नाही. काही दिवसांच्या प्रवासात ती जीव ओतते. तो स्वतःला राखून ठेवतो. मुंबई येते, तो उतरतो, बोट तिला घेऊन पुढे जाते. मागून तिची पत्रे येतात आणि अखेर तिच्या आत्महत्येची बातमी.

सगळा दोष हिटलरवर टाकून लेखकाला मोकळे होता आले असते. बेडेकरांनी ती सोय घेतली नाही. माणसाला देशोधडीला लावते ती राजसत्ता. पण आधाराला हात पुढे न करणारा हा सुशिक्षित, भला तरुण आहे. शिवाय बोटीवरचे हिंदी प्रवासीही धर्म-जातीचे पूर्वग्रह सोबत घेऊनच चढले आहेत, त्यामुळे वाचकाला केवळ जर्मनीकडे बोट दाखवता येत नाही. हॅर्टाचे प्रेम तिला वाचवत नाही, म्हणून ते व्यर्थ ठरते का? कादंबरी उत्तर देत नाही. चक्रधरला मात्र त्या प्रश्नासह जगायला मागे ठेवते.

फडके-खांडेकरांच्या त्या काळात या छोटेखानी पुस्तकाची फारशी दखल घेतली गेली नाही. आधुनिक मराठी कादंबरीच्या चर्चेत त्याला मानाचे स्थान मिळाले ते बऱ्याच उशिरा. बेडेकर पुन्हा कादंबरीकडे वळले नाहीत. चित्रपट आणि नाटकात रमले. ‘एक झाड आणि दोन पक्षी’ या आत्मचरित्राला १९८५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.