कार्बोरेटरला पूर आला तर...

'फ्लडिंग' म्हटलं की आपल्याला २६ जुलै २००५ ची मुंबई आठवते. जुन्या गाड्यांच्या दुनियेत मात्र पूर पेट्रोलचा येतो, आणि तोही दोन हातांत मावेल एवढ्या कार्बोरेटरमध्ये! मी पडलो कॉन्व्हेंटवाला, त्यामुळे 'तरंगक', 'झडप' असे शब्द माझ्याकडून अपेक्षू नका. गॅरेजात मिस्त्री जी भाषा बोलतात, तीच वापरतो.

उदाहरण घेऊ प्रीमियर पद्मिनीचं. फियाट ११०० ची ही देशी बहीण कुर्ल्याला बनायची. १०८९ सीसी, चार सिलिंडर, एक कार्बोरेटर. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईत अधिकृतपणे एकही पद्मिनी टॅक्सी उरली नाही, पण हौशी लोकांनी घरच्या पद्मिनी अजून जपल्या आहेत. माझ्या मामांची त्यातलीच एक. गेल्या सुट्टीत गेलो तर ती काळा धूर ओकत होती, पेट्रोलचा वास थेट स्वयंपाकघरापर्यंत येत होता आणि गॅरेजवाला म्हणत होता, "साहेब, अख्खा कार्बोरेटर बदला."

खरंच बदलायला हवा का? त्यासाठी आधी आपल्या होस्टेलच्या गच्चीवरची पाण्याची टाकी आठवा. पाणी वर आलं की बॉल तरंगत वर येतो आणि कॉक बंद होतो. बॉल फुटला किंवा कॉकमध्ये कचरा अडकला की टाकी वाहते. कार्बोरेटरचं फ्लोट चेंबर म्हणजे हीच टाकी. बॉलच्या जागी फ्लोट, कॉकच्या जागी नीडल आणि तिची सीट. हवा-पेट्रोलचं आदर्श प्रमाण वजनाने साधारण १४.७ ला १. चेंबरमधली पातळी चढली की पेट्रोल नोझलमधून आपणहून सांडायला लागतं आणि हे गणित कोसळतं. म्हणून फ्लडिंग दिसलं की जेटच्या मागे लागू नका, आधी पातळी कोण राखतंय ते बघा.

आता तपासणी. क्रम महत्त्वाचा, कारण सोप्या गोष्टी आधी संपवायच्या.

१) चोक. एअर फिल्टर काढून बघा. डॅशवरचा नॉब आत ढकलल्यावर चोकची पट्टी पूर्ण उघडते का? केबल अडकली असेल तरीही धूर काळाच येतो, पण पेट्रोल टपकत नाही.

२) गार की गरम? गरम इंजिन बंद केल्यावरच त्रास होत असेल तर चेंबरमधलं पेट्रोल उष्णतेने उकळत असण्याची शक्यता जास्त. गार गाडीतही नोझल टपकत असेल तर संशय नीडल-फ्लोटवर. बघताना तोंड कार्बोरेटरवर आणू नका, बाजूने बघा.

३) टकटक. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने चेंबरवर हलकेच ठोका. टपकणं थांबलं तर नीडलखाली कचरा आहे किंवा ती अडकते आहे.

४) झाकण उघडा. फ्लोट कानाजवळ हलवा. आत पेट्रोल खळखळलं तर तो फुटका. पितळी फ्लोट गरम पाण्यात बुडवला की भोकातून बुडबुडे येतात. डाग देण्याआधी आतलं पेट्रोल आणि वाफ पूर्ण काढायलाच हवी, नाहीतर स्फोट. शिवाय डाग दिल्याने वजन वाढतं आणि पातळीही. त्यापेक्षा नवा फ्लोट बरा.

५) नीडलचं टोक. त्यावर गोल चरा पडलाय का? ती बोटाने हलकी दाबून, पेट्रोलच्या नळीच्या जागी स्वच्छ नळी लावून फुंका. हवा गेली म्हणजे सील गेलं.

मामांच्या गाडीत चराच निघाला. नवी नीडल-सीट आणि गॅस्केट, एवढ्यावर काम झालं. कार्बोरेटर तोच.

मात्र सीट त्याच मापाची घ्या. समजा पंपाचा दाब ३ पीएसआय आणि सीटचं भोक २ मि.मी. पेट्रोल नीडलला सुमारे साडेसहा ग्रॅम वजनाइतक्या बलाने ढकलतं. भोक २.५ मि.मी. झालं तर तेच बल दहा ग्रॅमच्या वर जातं, कारण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं. फ्लोट बिचारा तोच! 'अर्धा मि.मी.ने काय होतंय' याचं उत्तर हे. पंपाचं किट नवं टाकून स्प्रिंग कडक झाली असेल तरी हाच घोळ होतो. शेवटी फ्लोटची पातळी मॅन्युअलमधल्या मापाने लावा. सीट झाकणात असेल तर तिच्याखाली जाड वॉशर टाकला की पातळी उतरते.

आणखी एक. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल जुनं रबर खराब करतं आणि टाकीत साचलेली घाण सोडवून पुढे पाठवतं. म्हणून जुन्या गाडीच्या नळ्या आणि फिल्टर नियमित बघा.

फ्लड झालेली गाडी चालू करायची असेल तर चोक आत, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा (पंप करू नका, प्रत्येक दाबाला पेट्रोलची पिचकारी उडते) आणि थोडाच वेळ स्टार्टर मारा. पण पेट्रोल बाहेर सांडलेलं दिसत असेल तर स्टार्टरला हातच लावू नका. पेट्रोल उणे चाळीस अंशांतही पेटण्याइतकी वाफ सोडतं, एक ठिणगी पुरते. काम मोकळ्या हवेत, बॅटरी काढून, जवळ फायर एक्स्टिंग्विशर ठेवून करा. सिगारेटवाल्या मित्रांना चहाला पाठवा.

दुरुस्तीनंतर डिपस्टिकचा वास घ्या. जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं आणि ते पातळ होतं. पेट्रोलचा वास आला तर ऑइल बदलल्याशिवाय गाडी पळवू नका, नाहीतर दुखणं बेअरिंगपर्यंत पोचतं.

आपल्या पार्किंगमध्ये पद्मिनी नाही, हे मान्य. पण २०२० मध्ये बीएस-६ येण्याआधीच्या बऱ्याच बाइक्सना कार्बोरेटरच आहे, आणि त्यांच्यात पेट्रोल टाकीतून थेट खाली उतरतं. नीडल गळकी असेल तर रात्रभर पूर येत राहतो. तेव्हा पेट्रोल कॉक असेल तर झोपण्यापूर्वी बंद करा. एवढं तरी आज रात्रीपासून कराच.