बीटी वांग्याला होकार कोणी द्यायचा?



वांगी लावणाऱ्याला शेंडा आणि फळ पोखरणारी अळी काय चीज आहे हे सांगायला नको. शेंडा मान टाकतो, फळावर बारीकसं भोक दिसतं, आणि वांगं चिरलं की आत किडकं निघतं. अळी एकदा आत शिरली की औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून मग तोडणी तोंडावर आली तरी पाठीवरचा पंप उतरत नाही.

या अळीसाठी जालन्याच्या महिको कंपनीने बीटी वांगं तयार केलं. जमिनीत बॅसिलस थुरिंजिएन्सिस नावाचा एक जिवाणू असतो. त्याच्या अंगात अळीला मारणारा पदार्थ तयार होतो. तो पदार्थ बनवणारं जनुक काढून वांग्याच्या झाडात घातलं, म्हणजे झाडच अळीला पुरून उरतं. बीटी कपाशीतली युक्ती हीच. फरक एवढाच, की कापूस आपण अंगावर घालतो आणि वांगं ताटात घेतो.

अर्थात हा फरकही पुरता खरा नाही. बीटी कपाशीला मार्च २००२ मध्ये मान्यता मिळाली. त्या कपाशीच्या सरकीचं तेल कढईत येतं आणि पेंड गाई-म्हशींच्या दावणीत जाते. पण चर्चा झाली ती बोंडअळीची आणि उताऱ्याची. तेल-पेंडीबद्दल गावात कोणी विचारायला आलं नाही.

आता बीटी वांग्याचं काय झालं ते बघू. अशा वाणांची तपासणी करायला दिल्लीत पर्यावरण मंत्रालयाची एक समिती आहे. तिचं इंग्रजी लघुनाव जी.ई.ए.सी. १९८९ च्या नियमांनी ती नेमली गेली. तीत खात्यांचे अधिकारी आहेत, शेती, आरोग्य आणि विज्ञान संशोधन परिषदांचे प्रमुख आहेत, बाहेरचे काही तज्ज्ञ आहेत. शेतकऱ्यासाठी राखलेली खुर्ची मात्र त्या नियमांत नाही. या समितीने १४ ऑक्टोबर २००९ ला बीटी वांग्याला होकार दिला.

त्यावर देशभर गलका उठला. तेव्हाचे पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी जानेवारी-फेब्रुवारी २०१० मध्ये सात शहरांत जाहीर सभा घेतल्या. आपल्याकडची सभा नागपूरला झाली. सगळ्या मिळून आठ हजारांच्या आसपास माणसं आली. केरळ, बिहार, पश्चिम बंगाल, ओरिसा अशा राज्यांनीही नापसंती कळवली. शेवटी ९ फेब्रुवारी २०१० ला मंत्र्यांनी स्थगिती दिली. त्याला पंधरा वर्षं उलटून गेली, तरी बीटी वांगं आपल्याकडे कायद्याने बाजारात आलेलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, तज्ज्ञांनी हो म्हटल्यावर मंत्र्याने आणि सभेतल्या माणसांनी नाही का म्हणावं? प्रश्न रास्त आहे. वांगं खाऊन अपाय होतो की नाही, हे हात वर करून ठरत नाही. त्याला प्रयोगशाळा लागते, जनावरांवरच्या चाचण्या लागतात, आकडे वाचणारा माणूस लागतो. सभेत ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं, असं झालं तर उद्या चांगलं वाणही मागे पडेल.

पण चाचणी कोणी केली, हेही विचारायला हवं. बीटी वांग्याच्या चाचण्यांचा बराचसा भाग कंपनीनेच केला किंवा करवून घेतला होता. त्याचे कागद लोकांसमोर यायला माहितीच्या अधिकाराचा अर्ज आणि सुप्रीम कोर्टापर्यंतचा खटाटोप लागला. २००८ साली ते खुले झाले. आपण बैल घेतो तेव्हा विकणाऱ्याने सांगितलेलं वय मानतो का? दात बघतो. तेव्हा तपासणी तज्ज्ञांनीच करावी, पण विकणाऱ्याच्या पदरच्या नव्हे, आणि कागद आधी उघडे ठेवून करावी.

आणि काही गोष्टी प्रयोगशाळेत सापडतच नाहीत. बियाणं कोणाच्या हातात राहणार, ही त्यातली मोठी. महिकोचे वाण संकरित होते, म्हणजे दर वर्षी पाकीट विकत आणणं आलं. कोइमतूर आणि धारवाडच्या कृषी विद्यापीठांकडे त्याच जनुकाचे सरळ वाण तयार होत होते. त्यांचं बी शेतकऱ्याला घरी धरता आलं असतं. बांगलादेशने ऑक्टोबर २०१३ मध्ये बीटी वांग्याला मान्यता दिली, ती सरकारी संशोधन संस्थेच्या सरळ वाणांना, आणि पहिल्या हंगामात २० शेतकऱ्यांना रोपं दिली. जनुक एकच, पण शेतकऱ्याच्या खिशाचा हिशोब निराळा. हा हिशोब तज्ज्ञ समितीपुढे येत नाही. तसंच मधमाशीमार्फत पराग शेजारच्या मांजरी गोट्यावर किंवा जळगावच्या भरताच्या वांग्यावर गेला तर काय, हे ज्याच्या बांधाला बांध आहे त्यालाही विचारायला हवं.

मान्यतेनंतरचं काम कोण बघणार, हेही आधीच ठरलेलं बरं. कपाशीचं बघा. बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅम साधं बियाणं मिळत असे. ते कडेने लावायचं होतं, म्हणजे अळीत बीटी पचवण्याची ताकद लवकर येत नाही. किती जणांनी ते लावलं? का लावायचं हे बांधावर येऊन सांगितलं तरी किती जणांना? २०१७ साली विदर्भात गुलाबी बोंडअळीने बोंडंच्या बोंडं पोखरली, तेव्हा नुकसान होकार देणाऱ्यांच्या घरी गेलं नाही.

निर्णय नुसता लांबवत ठेवणं हाही उपाय नव्हे. २००१ मध्ये गुजरातेत मान्यता नसलेली बीटी कपाशी हजारो एकरांवर उभी सापडली. २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात शेतकरी संघटनेने तणनाशक सोसणारी बंदीतली कपाशी उघडपणे पेरली. आम्हाला नवं तंत्र हवं, आमच्या वतीने दुसऱ्याने नाही म्हणू नये, हे त्यांचं म्हणणं आहे आणि ते ऐकून घ्यायलाच हवं. मात्र चोरवाटेने आलेल्या पाकिटाला पावती नसते. उगवण झाली नाही तर तक्रार कुठे नेणार?

मोहरीच्या प्रकरणात २३ जुलै २०२४ ला सुप्रीम कोर्टाच्या दोन न्यायमूर्तींचं मान्यतेबद्दल एकमत झालं नाही. पण राष्ट्रीय धोरण ठरवा, आणि ते ठरवताना राज्यं, तज्ज्ञ आणि शेतकऱ्यांचे प्रतिनिधी यांना विचारा, यावर दोघांचं एकमत होतं. आमच्या मते दिशा हीच बरोबर आहे. अपाय तज्ज्ञांनी तपासावा. वाण घ्यायचं की नाही हे राज्य सरकारने पिकवणाऱ्याला आणि खाणाऱ्याला विचारून ठरवावं. शेती राज्याचा विषय आहे. आणि बाजारात आलंच तर पाटीत नाव लिहिलेलं असावं, नाहीतर ढिगातलं कोणतं वांगं कोणतं, हे बाईला मंडईत कसं कळणार?

तुमच्या हातात काय आहे? तुमच्या भागात अशा पिकाची चाचणी होणार असं कानावर आलं तर राज्याची संमती आहे का, हे विचारा. १९८९ च्या नियमांत कलेक्टरांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा समितीची तरतूद आहे. अर्ज तिच्याकडे करा आणि पोच घ्या. ग्रामसभेत विषय काढा. बाजूने असा की विरोधात, ठरावात कारणं लिहा: पाणी, खर्च, बियाणं, शेजारचं पीक. घोषणा लिहू नका, त्या फायलीत टिकत नाहीत. ठरावाची एक प्रत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे द्या आणि एक गावात ठेवा.