सहाध्यायी शिकवणी : महाविद्यालयांतील दुर्लक्षित साधनसंपत्ती

अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार देशातील उच्च शिक्षणातील विद्यार्थिसंख्या २०१४-१५ मधील ३.४२ कोटींवरून २०२१-२२ मध्ये ४.३३ कोटींवर गेली. या वाढीत आपल्या घराण्यातून प्रथमच महाविद्यालयाची पायरी चढणारे असंख्य विद्यार्थी आहेत. शालान्त शिक्षण मातृभाषेतून आणि पदवीचे इंग्रजीतून, असा माध्यमबदल त्यांना पहिल्याच वर्षी सोसावा लागतो. शंका विचारावी असे घरी कोणी नसते आणि खाजगी शिकवणीचे शुल्क परवडत नाही. प्रवेश मिळूनही पदवी हाती न येण्याचा धोका येथूनच सुरू होतो. अशा वेळी वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी खालच्या वर्गातील विद्यार्थ्यांना शिकविणे, म्हणजेच सहाध्यायी शिकवणी, हा उपाय विचारात घेण्याजोगा ठरतो.

ही कल्पना आपल्याला परकी नाही. अँड्र्यू बेल यांनी १७८९ मध्ये मद्रासमधील एग्मोर येथील मुलांच्या अनाथाश्रमाची सूत्रे हाती घेतली. देशी शाळांतील मुले वाळूवर बोटाने अक्षरे गिरवताना पाहून त्यांनी ती रीत आपल्या शाळेत आणली आणि मोठ्या मुलांकडून लहानांना शिकविले. त्यांचा वृत्तान्त १७९७ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाला व ‘मद्रास पद्धती’ इंग्लंडभर पसरली. तिचे मुख्य आकर्षण मात्र काटकसर हेच होते. शिक्षकाचा स्वस्त पर्याय म्हणून पाहिल्यास ही पद्धत घोकंपट्टीत अडकते, हा तिचा धडा होय.

महाविद्यालयीन स्तरावर अधिक विचारपूर्वक रचना अमेरिकेतील मिसुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी येथील शाखेत १९७३ मध्ये डियाना मार्टिन यांनी उभी केली. तीत ‘कच्चा विद्यार्थी’ न शोधता ‘अवघड विषय’ निश्चित केला जातो. ज्या विषयात सुमारे ३० टक्के वा त्याहून अधिक विद्यार्थी मागे पडतात वा तो सोडून देतात, त्या विषयाची सत्रे सर्वांना खुली असतात. तो विषय उत्तम रीतीने उत्तीर्ण झालेला विद्यार्थी पुन्हा त्याच तासांना बसतो आणि नंतर गटाकडून उदाहरणे सोडवून घेतो. स्वतः व्याख्यान देत नाही.

हा भेद महत्त्वाचा आहे. आपल्याकडील उपचारात्मक वर्गांचा हेतू योग्यच होता. पण त्यांना बसणे म्हणजे दुर्बलतेचा शिक्का, अशी भावना झाल्यास ज्याला गरज आहे तोच फिरकत नाही. सांख्यिकी किंवा लेखाकर्म सर्वांनाच अवघड आहे, असे जाहीर केले की संकोच उरत नाही.

शिकविणाऱ्यास मानधन द्यावे काय? द्यावे. सायंकाळी काम करून शिकणारा विद्यार्थी फुकट वेळ देऊ शकत नाही. मग हे काम सुस्थितीतील मुलांचेच राहते. २० शिकवणारे, आठवड्याला ३ तास, ३० आठवडे आणि ताशी १०० रुपये असे गृहीत धरल्यास वार्षिक खर्च १.८० लाख रुपये होतो. महाराष्ट्रात ‘कमवा आणि शिका’ योजनेतील कामांत या तासांचा समावेश करणे सहज शक्य आहे.

मूल्यमापनात मात्र सावधगिरी हवी. सत्रांना येणारे विद्यार्थी मुळातच अधिक उत्सुक असू शकतात. त्यामुळे त्यांचे गुण न येणाऱ्यांपेक्षा जास्त दिसले, तरी ते सर्व श्रेय शिकवणीचे नव्हे. पूर्वीचे गुण सारखे असलेल्या विद्यार्थ्यांचीच परस्परांशी तुलना केली पाहिजे.