हात ठेवण्यापूर्वी विचारा

श्रोतेहो, २६ जुलै २००५ चा महापूर ठाणे-कल्याणकडची माणसे विसरलेली नाहीत. समजा, अशा पुरात अडकलेले एक पोर आहे. पाणी ओसरून महिने लोटले, तरी ढग दाटले की त्याचे अंग ताठ होते. आपण म्हणतो, "भित्रे आहे." पण तसे नव्हे. संकट टळले तरी शरीराचा पहारेकरी जागाच राहिलेला असतो.

अशा मनाला बोलून मोकळे व्हावे लागते. जाणत्या समुपदेशकाजवळ घडलेल्या गोष्टीची संगती लावावी लागते. पण पुष्कळदा शब्द सुचत नाहीत. तेव्हा मायेचा हात कामी येतो. हळुवार, उबदार स्पर्श ओळखणारे खास मज्जातंतू आपल्या त्वचेत आहेत. २००६ साली अमेरिकेत जेम्स कोन यांनी विवाहित स्त्रियांवर एक प्रयोग केला. विजेचा झटका बसणार अशी धास्ती असताना पतीचा हात हाती असला, की मेंदूतील भीतीची खळबळ उतरे. परक्याच्या हाताने तितकी नाही. म्हणजे हात कोणाचा, हेच महत्त्वाचे.

आणि ज्याला जखमच स्पर्शाने झाली आहे, त्याचे काय? त्याला पाठीवरची थापही दचकवील. म्हणून आधी विचारावे, "खांद्यावर हात ठेवू का?" गप्प राहणे म्हणजे होकार नव्हे. एकदा दिलेला होकार मागेही घेता येतो. अत्याचारात माणसाची मर्जी हिरावली जाते. विचारण्याने ती त्याला परत मिळते. अर्धे औषध तिथेच आहे. पुष्कळ समुपदेशक स्पर्श टाळतात; जे करतात त्यांनी कोठे, किती, हे आधी ठरवायला हवे.

गुरुजनहो, मुलाला कुशीत घेण्याची घाई नको. १९९७ च्या वादळानंतर मेक्सिकोतील अकापुल्को येथे मुलांना एक साधी रीत शिकवली गेली: हात छातीवर फुलीसारखे ठेवायचे आणि संथ श्वास घेत डावा-उजवा तळहात आळीपाळीने हलकेच थोपटायचा. आपलाच हात, आपलीच मर्जी! त्रास वाढला तर थांबावे.

त्रास हटला नाही तर लाजू नका. कोपरीहून रूळ ओलांडून पश्चिमेला गेले की १९०१ पासूनचे ठाण्याचे मनोरुग्णालय आहे. तिथे जाणे म्हणजे 'वेडा' ठरणे नव्हे. खेड्यातून १४४१६ या क्रमांकावर 'टेली-मानस'शी विनामूल्य बोलता येते. तोवर घरच्यांनी जवळ बसावे, ऐकावे. आणि हात पुढे करण्यापूर्वी विचारावे.