ठाणे-डोंबिवलीच्या न्हाणीघरांतील आधार : सहा दशकांचा मागोवा

ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या शहरांच्या घरबांधणीविषयी लिहिताना रेल्वे, ओनरशिपचे ब्लॉक, सहकारी गृहनिर्माण संस्था आणि अनधिकृत इमारती यांचा विचार नेहमी होतो. परंतु त्या घरांतील सर्वांत लहान खोलीचा, म्हणजे न्हाणीघराचा आणि संडासाचा, चालण्याउठण्याची शक्ती कमी झालेल्या माणसाच्या बाजूने विचार क्वचितच झालेला दिसतो. गेल्या साठ वर्षांत ही खोली या पट्ट्यात निदान तीन वेळा पालटली. ती कधी खासगीपणासाठी पालटली, कधी पाण्याच्या टंचाईमुळे, तर कधी केवळ शोभेसाठी. थकलेल्या गुडघ्यांसाठी मात्र ती सहसा पालटली नाही, आणि म्हणून भिंतीवरचा आधारदांडा आजही बहुतेक घरांत कोणीतरी पडल्यानंतरच बसतो.

कल्याणातील जुने वाडे आणि ठाण्यातील चाळी यांत स्नानाची जागा आणि शौचाची जागा एकमेकींपासून तुटलेल्या होत्या. मोरी खोलीच्या किंवा स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात असे, तिला वीतभर उंचीचा कठडा आणि फार तर एक पडदा असे. संडास मात्र गॅलरीच्या टोकाला किंवा वाड्याच्या परसात, सामाईक, अंधारा आणि बहुधा दोन-चार पायऱ्यांपलीकडचा असे. मोरीत आडोसा नव्हता, पण हाकेला ओ देणारे माणूस हातभर अंतरावर होते, आणि खाली घातलेली शहाबादी फरशी खडबडीत असल्यामुळे ओल्या पायाला थोडीफार पकड मिळत असे. त्यामुळे त्या काळात म्हातारपणाची खरी कसोटी लागे ती संडासात. कारण उकिडवे बसण्यासाठी गुडघा आणि खुब्याचा सांधा पूर्ण वाकावा लागतो, आणि उठताना शरीराचा सगळा भार मांड्यांच्या स्नायूंवर येतो. आधार म्हणून दाराची कडी, पाण्याचा पाईप किंवा नुसती भिंत धरली जाई. ज्यांना तेही जमत नसे त्यांच्यासाठी घरातच भांडे ठेवले जाई, आणि ते काम घरातील स्त्रियांकडे जाई. जुन्या घरातील एकत्रपणाचे कौतुक करताना हा भाग सहसा वगळला जातो.

१९६२ च्या सुमारास ठाण्यात वागळे इस्टेट आणि त्यानंतर १९६४ मध्ये डोंबिवलीत औद्योगिक वसाहत उभी राहिली, १९६३ मध्ये ओनरशिप फ्लॅटच्या व्यवहारांचा कायदा झाला, आणि गिरगाव, दादर, परळ येथील चाळींतून मराठी मध्यमवर्ग मोठ्या संख्येने या शहरांकडे सरकला. ‘सेल्फ कंटेन्ड’ ब्लॉक ही त्या पिढीची मोठी मिळकत होती, कारण संडास प्रथमच घराच्या दाराआड आला. रात्रीची गॅलरी, रांग आणि पायऱ्या सुटल्या, हा लाभ म्हाताऱ्यांच्या दृष्टीनेही लहान नव्हता. परंतु जागेचा प्रत्येक चौरस फूट विकाऊ झाल्यामुळे ही खोली नियमाने चालेल तितकी आखूड झाली. राष्ट्रीय इमारत संहितेतील किमान मापांनुसार स्वतंत्र संडासाची रुंदी ०.९ मीटर आणि क्षेत्रफळ १.१ चौरस मीटर एवढे पुरते, तर न्हाणीघराला १.८ चौरस मीटर पुरतात. किमान म्हणून सांगितलेले हे माप व्यवहारात कमाल ठरले. एवढ्या जागेत एक माणूस कसाबसा वळतो; त्याला धरून उभे राहणाऱ्या दुसऱ्या माणसासाठी त्यात जागाच नसते.

या ब्लॉकांच्या रचनेत आणखी काही गोष्टी आल्या, ज्यांचा दोष कोणा एकावर ठेवता येत नाही, पण ज्यांचा एकत्रित परिणाम गंभीर झाला. पाणी बाहेर येऊ नये म्हणून दाराशी उंबरठा आला. शहाबादी जाऊन चकचकीत टाईल आल्या, ज्या साबणाच्या पाण्यात आणि पावसाळ्यातील शेवाळात निसरड्या होतात. नळाला ठरावीक वेळच पाणी येत असल्यामुळे न्हाणीघराच्या कोपऱ्यात पिंप आले. नेमक्या त्याच भिंतीवर, म्हणजे नळाजवळ आणि बसण्याच्या पाटाशेजारी, आधाराची सर्वाधिक गरज असते. सर्वांत वाईट ठरले ते आत उघडणारे दार. अरुंद खोलीत माणूस पडला की त्याचे शरीर दाराला अडते, आतून कडी लागलेली असते, आणि बाहेरच्यांनी दार ढकलावे तर पडलेल्यालाच इजा होते. दार बाहेर उघडणारे करणे आणि बाहेरून उघडता येईल अशी कडी बसवणे या दोन किरकोळ सुतारकामांनी जेवढे साधते तेवढे कित्येक महागड्या उपकरणांनी साधत नाही. तरीही दारांबद्दल बोलणे फार उशिरा सुरू झाले.

या विषयाचे शास्त्र मात्र दूर नव्हते. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात कमला निंबकर यांनी १९५० मध्ये व्यवसायोपचाराचे प्रशिक्षण सुरू केले होते. आजार किंवा दुखापतीनंतर स्नान, कपडे घालणे, शौच अशी रोजची कामे माणसाला पुन्हा स्वतः करता यावीत यासाठी त्याची हालचाल आणि त्याचे घर या दोहोंत बदल सुचवणारी ही उपचारशाखा आहे. १९५५ मध्ये हाजी अलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्थाही सुरू झाली. ठाण्या-कल्याणाहून लोकलने तास-दीड तासावर हे ज्ञान उपलब्ध होते, आणि त्याची गरज केवळ म्हाताऱ्यांनाच नव्हती; याच लोकलच्या गर्दीतून पडून पाय किंवा पाठीचा कणा गमावलेली तरुण माणसेही या शहरांत होती आणि आहेत. परंतु रुग्णालयात शिकवलेले तंत्र घरच्या तीन फुटी संडासाशी जुळवून देणारे कोणी नव्हते. घर पाहून सल्ला देणारा व्यवसायोपचारतज्ज्ञ ही आजही थोड्याच कुटुंबांना परवडणारी सोय आहे.

शास्त्र पोचले नाही तेथे घरगुती कल्पकता पोचली. पुढील दशकांत प्लॅस्टिकच्या खुर्चीच्या बैठकीला भोक पाडून ती भारतीय पद्धतीच्या भांड्यावर ठेवणे, लोहाराकडून चार पायांचे स्टूल करून घेणे, किंवा दोन्ही प्रकारे वापरता येणारे ‘अँग्लो-इंडियन’ भांडे बसवणे हे उपाय घरोघरी दिसू लागले. त्यांना हसण्याचे कारण नाही. उकिडवे बसण्यापासून सुटका करण्याचे काम त्यांनी चोख केले. धोका होता तो टॉवेलच्या दांडीत. ही दांडी दोन टॉवेलांचे वजन पेलण्यासाठी लहान स्क्रूंवर बसवलेली असते. तिचा आधार घेऊन उठणाऱ्याच्या हातात ती स्क्रूंसकट येते, आणि आधार आहे या भरवशावर वजन टाकलेला माणूस सावध माणसापेक्षा जास्त जोरात पडतो. पुढे बाजारात आलेल्या, रबरी वाट्यांनी टाईलला चिकटणाऱ्या दांड्यांबाबतही हेच म्हणावे लागेल, कारण त्यांची पकड कधी सुटेल हे बाहेरून कळत नाही.

खऱ्या आधारदांड्याचे, ज्याला दुकानदार ‘ग्रॅब बार’ म्हणतात, गणित वेगळे असते. अमेरिकी मानकानुसार त्याने सुमारे ११३ किलो भार सहन केला पाहिजे; तो मुठीत मावेल इतका जाड असावा, आणि भिंत व दांडा यांत बोटे जातील पण कोपर अडकणार नाही एवढे, साधारण ३८ मिलिमीटर, अंतर असावे. हा भार शेवटी दांडा पेलत नाही, भिंत पेलते. या पट्ट्यातील ब्लॉकांच्या आतील भिंती बहुधा अर्ध्या विटेच्या, म्हणजे साडेचार इंची असतात, आणि अलीकडच्या इमारतींत हलक्या पोकळीदार ठोकळ्यांच्या असतात, ज्यांत साधा प्लग टिकत नाही. त्यात टाईलला भोक पाडले की पाणी झिरपेल आणि खालच्या मजल्यावर ओल उतरेल, ही भीती असते. गळतीचा वाद संस्थेच्या सभेत किती वर्षे चालतो हे या शहरांतील कोणत्याही सचिवाला ठाऊक असल्यामुळे, सासऱ्यांच्या आधारापेक्षा शेजारधर्म राखणे अनेकांना सोपे वाटले असल्यास नवल नाही.

कायदा या काळात पुढे सरकत होता, पण वेगळ्या वाटेने. अपंगांच्या हक्कांचा पहिला केंद्रीय कायदा १९९५ चा. त्यानंतरच्या बांधकाम नियमांत विशेष स्वच्छतागृहाची मापे आली : किमान १.५० बाय १.७५ मीटरची खोली, ९० सेंटिमीटरचे बाहेर उघडणारे दार, भिंतीपासून ५० मिलिमीटर सुटे हातदांडे आणि जमिनीपासून ५०० मिलिमीटर उंच बैठक. या मापांतील शेवटचे माप वादाचे आहे, कारण उंच बैठकीवरून उठणे सोपे जाते हे खरे असले तरी ठेंगण्या बांध्याच्या वृद्ध स्त्रीचे पाय तिच्यावरून लोंबकळतात आणि तोल उलट जाऊ शकतो. पण मोठा प्रश्न मापांचा नव्हता. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा झाला, २०२० च्या अखेरीस राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन्ही महापालिकांना लागू झाली, आणि ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुडी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे निकष केवळ शिफारशीवजा न ठेवता त्यांतील किमान भाग बंधनकारक करण्याचा आदेश दिला. तरी या साऱ्याचा रोख मुख्यतः लोकांच्या वापरातील जागांवर राहिला. माणूस जेथे रोज अंघोळ करतो ती खोली त्याच्या खासगी मालकीची, म्हणून नियमाच्या कक्षेबाहेर राहिली.

२०१७ हे वर्ष दोन कारणांनी नोंदवण्याजोगे आहे. त्या वर्षी एप्रिलमध्ये ज्येष्ठांना साहाय्यक साधने देणारी केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना सुरू झाली आणि ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर मर्यादा आली. सांधेबदल त्यामुळे अधिक कुटुंबांच्या आवाक्यात आला, आणि त्यानंतर उकिडवे बसू नये असा सल्ला सर्रास दिला जात असल्यामुळे पाश्चात्त्य पद्धतीचा कमोड चैनीच्या यादीतून औषधोपचाराच्या यादीत गेला. पुढे २०२४ मध्ये राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेने ६५ वर्षांवरील अल्प उत्पन्नाच्या ज्येष्ठांना साहाय्यक साधनांसाठी एकदाच ३,००० रुपये देऊ केले, आणि त्या साधनांत काठी, वॉकर, चष्मा यांच्याबरोबर कमोड खुर्चीचाही समावेश केला. योजनेचे मोल मान्य करूनही हे सांगितले पाहिजे की ती साधन देते, भिंत देत नाही. गवंडी, सुतार आणि प्लंबर यांची मजुरी तीत कोठेच धरलेली नाही. घरातील धोके कमी केल्याने पडण्याचे प्रमाण सुमारे एक चतुर्थांशाने घटते, आणि ज्यांना धोका अधिक त्यांच्यात त्याहूनही जास्त घटते, असा निष्कर्ष २०२३ च्या कॉक्रेन आढाव्याने काढलेला आहे. तो पाहता मजुरीचा हा खर्च खुब्याच्या शस्त्रक्रियेपेक्षा खचितच स्वस्त पडतो.

आता या शहरांतील त्याच १९६०-८० च्या इमारती पुनर्विकासाच्या टप्प्यावर आहेत. महारेरा या राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणाने २०२४ मध्ये ज्येष्ठांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रकल्पांना ९०० मिलिमीटरची दारे, न घसरणारी फरशी आणि न्हाणीघरातील आधारदांडे अशा अटी घातल्या. परंतु नौपाड्यातील किंवा डोंबिवली पूर्वेतील पुनर्विकसित इमारत ‘ज्येष्ठांसाठीची’ म्हणून नोंदली जात नाही, जरी तिच्या मूळ सभासदांपैकी बरेचजण सत्तरीपलीकडचे असले तरी. विकासकाशी होणाऱ्या करारनाम्यात चटईक्षेत्र, भाडे आणि कॉर्पस फंड यांवर महिनोन्‌महिने घासाघीस होते. त्याच करारनाम्यात एका न्हाणीघराचे दार ९०० मिलिमीटरचे आणि बाहेर उघडणारे असावे, उंबरठा नसावा, आणि भांड्याशेजारची भिंत भार पेलणारी भरीव असावी, एवढी तीन कलमे प्रत्येक संस्थेने आराखडा मंजुरीला जाण्यापूर्वी घालून घ्यावीत. एकदा पोकळ ठोकळ्यांची भिंत उभी राहून तिच्यावर टाईल चढली की ही संधी पुढची तीस-चाळीस वर्षे येत नाही.