धन्याला ओळखणारं पिस्तूल

अमेरिकेच्या मेरिलँड राज्यात, रॉकव्हिल गावी, एंगेज आर्मामेंट नावाचं बंदुकांचं दुकान आहे. २०१४ सालच्या मे महिन्यात या दुकानाने एक नवं जर्मन पिस्तूल विक्रीला ठेवायचं ठरवलं. बातमी फुटली आणि फोन खणखणू लागले. शिवीगाळ, बहिष्काराची भाषा, थेट जिवे मारण्याच्या धमक्या. शेवटी दुकानदाराने दारूची बाटली समोर ठेवून एक व्हिडिओ केला आणि हे पिस्तूल आपण विकणार नाही, असं सांगून टाकलं. धमक्या देणारे बंदुकीचे विरोधक नव्हते, हे यातलं नवल. बंदूक बाळगण्याचा हक्क जिवापाड जपणारी, त्या दुकानदाराच्याच पंगतीतली ही माणसं होती. त्याआधी दोनेक महिने कॅलिफोर्नियातल्या एका दुकानानेही याच पिस्तुलापायी असाच रोष ओढवून घेतला होता आणि आपला त्याच्याशी संबंधच नाही म्हणत हात झटकले होते.

त्या पिस्तुलात होतं तरी काय? जर्मनीच्या आर्माटिक्स कंपनीचं हे ‘आयपी१’, पॉइंट २२ कॅलिबरचं, दहा गोळ्यांचं. सोबत एक मनगटी घड्याळ. घड्याळात पिन क्रमांक टाकायचा आणि पिस्तूल हातात घ्यायचं. घड्याळ वीतभर अंतरावर असलं तर दोघांत रेडिओलहरींची ओळख पटते, मुठीमागचा दिवा हिरवा होतो आणि गोळी सुटते. घड्याळ दूर असलं की दिवा लाल. मग चाप कितीही ओढा, पिस्तूल म्हणजे लोखंडाचा तुकडा. घरातल्या पोराने कपाटातून काढलं, चोराने पळवलं, झटापटीत कुणी हिसकावलं, तरी ते उडणार नाही, ही त्यामागची कल्पना. घड्याळासकट किंमत साधारण १,८०० डॉलर. बाजारात नावाजलेलं साधं पिस्तूल पाच-सहाशे डॉलरांना मिळत असताना ही किंमत कुणालाही खुपेल. पण महाग वस्तू घ्यायची नसली तर माणूस दुकानात जात नाही, दुकानदाराला धमकावत नाही. एवढ्या संतापाचं मूळ दुसऱ्याच एका राज्याच्या कायद्यात होतं.

न्यू जर्सीने २००२ च्या डिसेंबरमध्ये ‘चाइल्डप्रूफ हँडगन’ कायदा केला. अधिकृत माणसाच्याच हातून चालणारं पिस्तूल अमेरिकेत कुठेही किरकोळ विक्रीला आलं, की तीन वर्षांनी न्यू जर्सीत फक्त तसलीच पिस्तुलं विकायची, असं त्यात होतं. ‘कुठेही’ हा शब्द महत्त्वाचा. मेरिलँडच्या दुकानात एक पिस्तूल विकलं गेलं असतं, तरी न्यू जर्सीच्या लाखो बंदूकधारकांची मुदत मोजायला सुरुवात होणार होती. उद्योजकांना हुरूप यावा म्हणून कायदा करणाऱ्यांनी ही मेख मारली. झालं उलटंच. जे पिस्तूल बाजारात येणं बंदूकधारकांना एरवी फारसं खुपलं नसतं, ते बाजारात येऊच नये यासाठी आता त्यांच्यापाशी सबळ कारण होतं. खुद्द या कायद्यामागच्या आमदार लॉरेटा वाइनबर्ग यांनी २०१४ मध्ये तडजोड पुढे केली : बंदूकधारकांच्या नॅशनल रायफल असोसिएशन या संघटनेने या तंत्रज्ञानाच्या वाटेत आडवं येऊ नये, आपण कायदा मागे घ्यायला तयार आहोत. तडजोड झाली नाही.

पुढचा भाग तर आणखी गमतीचा. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये न्यू जर्सीच्या महाधिवक्त्यांनी अहवाल दिला, की आयपी१ हे कायद्याच्या व्याख्येत बसतच नाही. घड्याळ जवळ असलं तर मालकाखेरीज दुसरा माणूसही ते चालवू शकतो. म्हणजे ज्या पिस्तुलावरून एवढा गदारोळ झाला, त्याने मुदत सुरू झालीच नसती.

सक्तीचा राग बाजूला ठेवला, तरी एक शंका उरते आणि ती धुडकावून लावण्यासारखी नाही. घरात पिस्तूल ठेवणारा अमेरिकन माणूस मनात एकच प्रसंग धरून असतो. रात्री दोन वाजता खालची खिडकी फुटल्याचा आवाज येतो. उशाशी ठेवलेलं घड्याळ मनगटावर बांधायचं, पिन आठवायचा, मग पिस्तूल. हात घामेजलेला असेल, रक्ताने माखलेला असेल, हातमोजा असेल. बॅटरी उतरली असेल. नवरा बाहेरगावी असेल आणि घड्याळ त्याच्या हातावर असेल. बोटांचे ठसे ओळखणारं पिस्तूल असेल, तर आपल्याकडे रेशनच्या दुकानात यंत्रावर अंगठा उमटेना म्हणून पुन्हा पुन्हा बोट पुसणारी म्हातारी डोळ्यांपुढे आणावी. तिथे फार तर उद्या पुन्हा यावं लागतं. इथे दुसरी संधी नाही. साध्या पिस्तुलात बिघडण्यासारखे भाग मोजके असतात आणि अडलेली गोळी झटकन कशी काढायची, ते मालकाला सरावाने ठाऊक असतं. सर्किट अडलं तर काय झटकायचं?

ही शंका पोकळ नव्हती हे २०१७ मध्ये दिसलं. ‘प्लोर’ या टोपणनावाने वावरणाऱ्या एका हॅकरने लास व्हेगासच्या डेफ कॉन परिषदेत आयपी१ ची फजिती करून दाखवली. पिस्तुलाच्या बाजूला नेमक्या जागी पंधराएक डॉलरची लोहचुंबकं धरली, की आतला खटका सरकतो आणि घड्याळाशिवाय गोळी सुटते. घड्याळाचे संदेश पुढे पाठवून अंतराची मर्यादाही त्याने वाढवली. शिवाय त्याच लहरींत व्यत्यय आणून मालकाचंच पिस्तूल त्याने अडवूनही दाखवलं. चोराला उघडं, मालकाला बंद.

पोलिसांचा अनुभवही याच बाजूचा. मुळात या संशोधनाला सरकारी पैसा मिळाला तो पोलिसांसाठी. झटापटीत स्वतःचंच पिस्तूल हिसकावलं जाऊन अधिकारी मारले जात, म्हणून सँडिया प्रयोगशाळेने नव्वदच्या दशकात अभ्यास केला. तेव्हा पोलिसांनी पहिली अट घातली ती भरवशाची : ऐन वेळी उडलं पाहिजे. न्यू जर्सीच्या कायद्यानेही पोलिसांना सक्तीतून वगळलं. जे पोलिसांना चालत नाही ते आमच्या गळ्यात का, हा बंदूकधारकांचा प्रश्न बिनतोड आहे.

अविश्वासाला इतिहासही आहे. स्मिथ अँड वेसनने १८८० च्या दशकात मुठीवर दाब दिल्याशिवाय न उडणारं रिव्हॉल्व्हर काढलं, लहान मुलाच्या हातून चालू नये म्हणून. ते खपलं, त्यावरून कुणी रान उठवलं नाही. त्याच कंपनीने मार्च २००० मध्ये क्लिंटन सरकारशी करार केला आणि इतर अटींबरोबर उत्पन्नाचे दोन टक्के धन्याला ओळखणाऱ्या ‘स्मार्ट’ पिस्तुलाच्या संशोधनावर खर्च करायचं कबूल केलं. गिऱ्हाइकांनी पाठ फिरवली. १९८७ मध्ये ११ कोटींहून अधिक डॉलर मोजून कंपनी घेणाऱ्या ब्रिटिश मालकांनी २००१ मध्ये ती दीड कोटी डॉलर आणि कर्जाचा बोजा एवढ्यावर विकून टाकली. इतर बंदूक कारखानदारांनी यातून काय धडा घेतला असेल, ते सांगायला नको.

या गोष्टीची दुसरी बाजू मात्र बंदूकधारक फार लवकर झटकतात. बंदूक-उद्योगाच्या संघटनेने २०१३ मध्ये केलेल्या पाहणीत ७४ टक्के लोकांना ही पिस्तुलं भरवशाची वाटली नाहीत आणि विकत घेण्याची शक्यता १४ टक्क्यांनीच बोलून दाखवली. त्यानंतर जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या पाहणीत निराळंच दिसलं. नवं पिस्तूल घ्यायचं झालं तर असं पिस्तूल विचारात घेऊ, असं दहातल्या सहा जणांनी सांगितलं. बंदूक असलेल्यांतही दहापैकी चारांनी. प्रश्न कसा विचारला यावर बरंच अवलंबून असतं हे खरं. पण गिऱ्हाईकच नाही, हा दावा टिकत नाही. गिऱ्हाईक आहे की नाही हे दुकानात कळायला हवं होतं, आणि दुकानात ते पिस्तूल पोचूच दिलं गेलं नाही.

फायद्याचा हिशेब सक्तीवाल्यांनीही फुगवून मांडला. अमेरिकेत २०२१ मध्ये बंदुकीने ४८,८३० माणसं मेली. त्यातल्या २६ हजारांहून अधिक आत्महत्या. स्वतःचा जीव घेणारा पुष्कळदा पिस्तुलाचा मालकच असतो आणि पिस्तूल त्याला बिनचूक ओळखतं. बापाचं पिस्तूल उचलणारा निराश मुलगा वाचेल, खेळता खेळता भावंडावर रोखणारं पोर वाचेल. हे थोडं नव्हे. पण देशात नागरिकांकडे आधीच अंदाजे ३९ कोटी बंदुका आहेत, माणसांहून जास्त. नव्या पिस्तुलांवरच्या सक्तीने त्यातली एकही बदलत नाही.

न्यू जर्सीने २०१९ मध्ये चूक दुरुस्त केली. सक्ती काढली आणि त्याजागी एवढंच ठेवलं, की राज्याच्या आयोगाने मान्य केलेल्या यादीतलं निदान एक स्मार्ट पिस्तूल दुकानदाराने विक्रीला मांडावं. घ्यायचं की नाही, गिऱ्हाइकाची मर्जी.

दरम्यान कोलोरॅडोत काई क्लोपफर हा तरुण पंधराव्या वर्षापासून याच खटपटीत होता. ऑरोरा शहरातल्या चित्रपटगृहात २०१२ मध्ये झालेल्या गोळीबाराने त्याला या वाटेला लावलं. त्याच्या बायोफायर कंपनीने एप्रिल २०२३ मध्ये १,४९९ डॉलरचं पिस्तूल जाहीर केलं. मुठीवर बोटाचा ठसा, मागच्या बाजूला चेहरा ओळखणारा कॅमेरा. जे आधी जुळेल त्यावर उघडतं आणि हातातून सुटलं की बंद होतं. चापाची ओढ गोळीपर्यंत विजेच्या संकेताने पोचते, त्यामुळे बॅटरी मेली की पिस्तूलही मेलं. शंकेखोरांना हे पुरेसं आहे. गिऱ्हाइकांची नाडी ओळखून कंपनीने सक्तीला स्वतःच विरोध नोंदवला आहे.

रॉयटर्सच्या पत्रकारांसमोर त्या पिस्तुलाचं प्रात्यक्षिक झालं. चेहरा ओळखण्यात चूक दिसली नाही. गोळी मात्र दोनदा उडाली नाही. दोष इलेक्ट्रॉनिक्सचा नाही, नमुन्यासाठी बनवलेल्या यांत्रिक सुट्या भागांचा आहे, असं क्लोपफरने सांगितलं.